“मजेनं चरबी जळत नाही”: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

“लांब सायकल राईडची मजा घ्या, वजनाच्या काट्याकडे बघू नका” असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण तिच्यात आकडे दिलेत हे फार बरं केलंत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साडेतीन महिने दर रविवारी पुण्याच्या धायरीहून पानशेत, जाऊन-येऊन ६२ किमी, सायकलवरचा वेळ पावणेचार तास. पहिल्या १० आठवड्यांत वजन ९१ वरून ८६. मग ५ आठवडे काटा ढिम्म, आणि गेल्या सोमवारी ८७.४. ॲप एका राईडच्या २४०० कॅलरी दाखवतं. निघताना फक्त काळी कॉफी, परत आल्यावर मिसळ, दुपारी झोप. उजवा गुडघा पुढून दुखतो. आणि शेवटी, “लांब राईडची मजा घ्या म्हणणं सोपं आहे, मजेनं चरबी जळत नाही.”

नाहीच जळत. शिवाय मूळ लेखातलं “काट्याकडे बघू नका” हे वाक्य मागे घेतो. काट्याकडे बघायचं, पण एकट्या सोमवारच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

त्याचं कारण असं. पावणेचार तासांत स्नायूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, बराच रिकामा होतो. रविवारी जेवल्यावर तो पुन्हा भरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी अंगात थांबतं. ३०० ग्रॅम साठा भरला की ९०० ग्रॅम पाणी आलंच. झाले १ किलो २०० ग्रॅम. वर मिसळीतलं आणि फरसाणातलं मीठ, दुखऱ्या स्नायूंची थोडी सूज. तुमचे वाढलेले १.४ किलो इथेच सापडतात. तेवढी चरबी चढायला गरजेपेक्षा १०,००० हून जास्त कॅलरी खाव्या लागतील, आणि एका रविवारी ते कोणाच्या बापाला जमायचं नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून बघा. बेंबीपाशी कमरेचं माप महिन्यातून दोनदा.

आता त्या २४०० कॅलरी. बरीच ॲप वजन, वेग आणि वेळ यांचा गुणाकार करतात. उतारावर पाय थांबवून सायकल सोडून दिलीत तरी मीटर चालूच. ८६ किलोचा माणूस, हायब्रिड सायकल, ताशी १६-१७ किमी आणि पानशेतच्या रस्त्याचे चढउतार धरले, तर खरा आकडा १२०० ते १५०० च्या घरात येतो. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. म्हणजे बदल्यात काहीही जास्त खाल्लं नाही, तरी एका राईडमागे फार तर पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. त्यावर तर्रीसकट मिसळ, तीन पाव, वर जिलबी आणि चहा. राईड तिथेच जवळजवळ फिटली. दुपारच्या झोपेत रविवारची बाकीची हालचालही जाते, बाजारहाट, जिने, घरातली उठबस. तीही हिशोबातलीच असते.

शिवाय ९१ चे ८६ झाल्यावर शरीराची रोजची गरजच १०० ते १५० कॅलरींनी उतरली, साधारण एक-दीड पोळी. पहिल्या महिन्यात जेवढं खाऊन वजन उतरत होतं, तेवढ्यावरच ते आता स्थिर राहतं. हे अपयश नव्हे, पण ती पोळी कुठून तरी कमी करावी लागेल. मी ती रात्रीच्या ताटातून काढायला सांगेन, राईडच्या दिवशी नाही.

कारण तुमची खरी चूक जास्त खाण्यात नाही, चुकीच्या वेळी उपाशी राहण्यात आहे. उपाशीपोटी गेलं की चरबी जास्त जळते, हे त्या तीन-चार तासांपुरतं थोडंफार खरं असेलही. पण ४० किमीनंतर अंगातली हवा गेल्यासारखं होतं, वेग पडतो, चिडचिड होते, आणि घरी आल्यावर माणूस समोर येईल ते हाणतो. अशा राईडची मजा येणार तरी कशी? पुढच्या रविवारी पहाटे पाचचा गजर बंद करणारा हात याच आठवणीनं चालतो.

येत्या रविवारी एवढं करून बघा. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास दोन केळी, किंवा आदल्या रात्रीच्या पोळीला गूळ लावून. पहिली ४५ मिनिटं एक पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतक्याच वेगानं. त्यानंतर दर अर्ध्या तासाला, भूक असो-नसो, एक छोटं केळं किंवा तीन-चार साधे खजूर किंवा चिक्कीची एक वडी. तासाला ३० ते ४० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ७५० मिलीच्या दोन बाटल्या, एकीत लिंबू, चार चमचे साखर आणि पाव चमचा मीठ. तासाला अर्धा लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. घरी आल्यावर तासाभरात नेहमीचं जेवण: उसळ किंवा अंडी, भात, ताक. मिसळ बंद करू नका, पण तिला जेवण धरा. मिसळीनंतर पुन्हा दुपारचं ताट वाढून घेतलंत की हिशोब बिघडलाच. सायकलवर चारशे कॅलरी खाऊन वजन कसं उतरेल, असं वाटेल. उतरतं, कारण नंतरच्या हजार टळतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यातलं काहीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. लांब राईडमध्ये, आणि कधीकधी त्या रात्रीही, साखर एकदम खाली जाऊ शकते.

गुडघा. पुढून दुखतो म्हणजे बहुतेक सीट खाली आहे, आणि जड गिअर रेटताय. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर ओढून धरा, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत सेंटिमीटर मोजा. त्याला ०.८८३ नं गुणा. ८० आलं तर ७०.६. पेडलचे दांडे जिथे बसतात त्या धुरीच्या मध्यापासून, सीटच्या दांड्याच्या रेषेत, सीटच्या वरपर्यंत एवढं अंतर हवं. फरक दोन सेंटिमीटरचा निघाला तर एका दिवसात वर नेऊ नका, दर राईडला ५ मिलिमीटर. गुडघा मागून दुखायला लागला किंवा बसल्या बसल्या कंबर डावी-उजवी डुलायला लागली, तर वर जास्त गेलीय. मग १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. १३-१४ येत असेल तर गिअर हलका करा, २० पर्यंत आणा. पानशेतच्या चढांवर लाज न बाळगता पुढची सगळ्यात छोटी चकती वापरा, ती त्याचसाठी दिलेली असते.

टायरची हवा अंगठ्यानं दाबून बघू नका. ३५ मिमी टायरला तुमच्या वजनाला मागे ६० ते ६५ पीएसआय, पुढे पाच-दहा कमी. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नाही, तिच्या शिवणीच सोलून काढतात. जाडजूड जेल सीट पहिले दहा किलोमीटर गादी वाटते, नंतर तीच रुतते.

राहिली मजा. काटा अडला की आठवड्याला पुढे सरकणारी दुसरी एखादी गोष्ट लागते, आणि ती वजनाशी बांधलेली नसावी. एकदा पानशेतचा शेवटचा टप्पा न थांबता. एकदा वारा ओळखून: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुण्याला वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. येतानाचा तो शेवटचा तास फुकट मिळतो, जाताना दमायचं नाही एवढीच अट. मग १०० किमी. मग २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांत, म्हणजे थांबे धरून ताशी १५. तुमचा आजचा वेग १६.५ आहे, तोही थांबे वगळून. म्हणजे सुधारायचं आहे ते थांब्यांत: कणीस, चहा, फोटो यांत किती मिनिटं जातात ती येत्या रविवारी टिपून ठेवा.

सीटचं माप आणि १५ सेकंदांतला आकडा इथेच खाली लिहा. गुडघ्याचं पुढचं त्यावरून सांगता येईल. दुखणं राईड नसलेल्या दिवशीही टिकत असेल किंवा सूज असेल, तर माप बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.