वनहक्काचा कागद आला, आता कुऱ्हाड कुठे घालायची?

सामूहिक वनहक्काचा दावा, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगलावर सांगितलेला हक्क, मंजूर झाला की फोटो निघतात, भाषणं होतात, लगोलग रोपं लावायचा कार्यक्रम ठरतो. रोपं राहू द्या. आधी तोडीचे नियम ठरवा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर हक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकता आला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनउपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) मोडतो, म्हणून हे जमलं. पण कायदा रांझी, म्हणजे बांबूचं बेट, वाचवत नाही.

मानवेल या बांबूची रांझी बाहेरच्या अंगाने वाढते. कोवळ्या काठ्या कडेला, जून मध्यभागी. मजुरी नगावर असेल तर माणूस हाताशी येईल तीच कडेची काठी तोडणार, त्याला दोष कसा द्यायचा? दोन-तीन हंगामांत मधे वाळक्या काठ्यांचा गुंता उरतो आणि वास्ते (नवे कोंब) फुटणं मंदावतं. म्हणून एका बाजूने वाट काढून, घोड्याच्या नालासारखी रांझी उघडायची आणि आतल्या जून काठ्या काढायच्या. या सफाईची मजुरी वेगळी धरा, नाहीतर कुणी करणार नाही.

तीन वर्षांखालची काठी तोडायची नाही. पहिल्या वर्षाच्या काठीवर आवरणं आणि पांढरी भुकटी असते. जून काठी पिवळट, डागाळलेली, ठोकली तर टणक वाजते. जमिनीपासून वीतभरावर, पेराच्या (गाठीच्या) अगदी वर काप घ्या. पेर सोडून मधेच कापलं तर पोकळीत पाणी साचून बुंधा कुजतो. जुलै ते सप्टेंबर तोड बंद, तेव्हा वास्ते वर येत असतात. आणि जंगलाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी आळीपाळीने एकाच भागात तोड.

बिडीच्या पानाच्या तेंदूचं दुखणं वेगळं. चांगलं पान यावं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई, म्हणजे झुडपांची बुडाशी छाटणी, करायची असते. ती मेहनतीची, म्हणून काडी लावली जाते. तेंदू मुळापासून पुन्हा फुटतो. मोह, चारोळी, आवळ्याची रोपटी मात्र त्या आगीत जातात. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणूनही झाडाखालचा पाला पेटवतात. खराट्याने झाडून घेतला, किंवा खाली जाळी अंथरली, तरी काम होतं. फुलं वेचायची, टोळही (मोहाची फळं) वेचायचे आणि खालची रोपटी जाळायची, मग पोरवयाचा मोह दिसणार कुठून?

तेंदूपानाच्या रॉयल्टीतून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) आणि आगराखणदारांचे पैसे आधी बाजूला काढा, वाटप मग. जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत साफ हवी. त्यानंतर आगीचा हंगाम सुरू होतो.

आणखी एक खातं ठेवा, फुलोऱ्याचं. मानवेलाला फुलोरा आला की बी पडून अख्खी रांझी मरते. बियांपासून उगवलेली रांझी तोडीला यायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि सुरुवातीची काही वर्षं तिथे गुरं आणि आग दोन्ही चालत नाहीत.