"एका ओळीचे १,५०० रुपये घेतले" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार शेठ. ऐन सोयाबीनच्या आवकीत तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. पण "एका ओळीच्या कमांडला चार तास लावले, १,५०० रुपये घेतले, तरी दुसऱ्या रात्री बॅकअप नाही" हे सगळा नवा मोंढा वाचतोय, म्हणून बोलणं भाग आहे.

ती ओळ म्हणजे 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर'. तुमच्या आडतीच्या लॅपटॉपवरचा रात्री दहाचा बॅकअप आधी कुणीतरी युजर सर्व्हिस म्हणून, म्हणजे एका युजरच्या नावाखाली चालणारं काम म्हणून, बसवला होता. लिनक्समधलं सिस्टमडी, म्हणजे मशीनवरची कामं सुरू-बंद करणारी यंत्रणा, अशा सर्व्हिस त्या युजरच्या लॉगिनपुरत्याच चालवतं. मुनीमजी आठला लॉग आउट करून गेले की दहा सेकंदांत सगळं बंद, ठरल्या वेळी बॅकअप सुरू करणारा टायमरसुद्धा. लिंगर लावलं की लॉगिन नसतानाही तो चालतो.

पण नुसत्या त्या ओळीनं भागलं नसतं. टायमरच्या फाइलमध्ये 'वॉन्टेडबाय'ला, म्हणजे टायमर कशाबरोबर आपोआप सुरू व्हावा त्या ओळीत, 'मल्टि-युजर डॉट टार्गेट' दिलेलं होतं. युजरच्या बाजूला ते टार्गेट नसतंच, त्यामुळे एनेबल केलेला टायमर रीस्टार्टनंतर उठत नाही. तिथं 'टायमर्स डॉट टार्गेट' लागतं. 'पर्सिस्टंट', म्हणजे हुकलेली वेळ नंतर भरून काढणारी सेटिंगही नव्हती, दहाला मशीन बंद असलं तर त्या दिवसाचा बॅकअप बुडालाच. हे सगळं करून, मशीन रीस्टार्ट करून, लॉगिन न करता टायमर चालतो का ते बघावंच लागतं. काउंटरवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघत असताना रीस्टार्ट कसं करणार?

आता चार तासांचं. आमचा मुलगा ११ वाजता तुमच्या आडतीवर हजर होता. सूडोचा, म्हणजे सिस्टममध्ये बदल करायच्या अधिकाराचा, पासवर्ड मिळाला १ वाजून ४० मिनिटांनी. तोवर तो पोत्यांशेजारी बसून होता. रिव्ह्यूत याचा एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या रात्रीची चूक मात्र आमची. लॅपटॉपचं झाकण लावून जाता का, हे आधीच विचारायला हवं होतं. झाकण लावलं की लॉगिनडी (सिस्टमडीचाच लॉगिन सांभाळणारा भाग) मशीन झोपवतं. आता त्याची 'हँडललिडस्विच' ही सेटिंग 'इग्नोर'वर आहे, म्हणजे झाकण लावलं तरी मशीन झोपत नाही. त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. यापुढे काय काम केलं ते बिलावर लिहून देत जाऊ.

मुनीमजींच्या लॉगिनमधून 'सिस्टमसीटीएल डॅश डॅश युजर लिस्ट-टायमर्स' चालवा, काल रात्री बॅकअप किती वाजता सुरू झाला ते दिसेल.