बैलाचे दात मोजा, लॅपटॉपचे नको

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी गोऱ्हा घ्यायला गेलेला माणूस बघा. आधी जबडा फाकवून दात मोजतो. मग खूर उचलतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवतो, बसवतो, उठवतो आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव करतो. दोन तास जातात, तीनदा चहा होतो, आणि एवढं करून 'उद्या बघू' म्हणत उठतो. हाच माणूस पोराचा कॉलेज प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये नंबर लागला की लॅपटॉपच्या दुकानात शिरतो आणि वीस मिनिटांत सत्तर हजार मोजून, वर एक फुकटची बॅग घेऊन बाहेर पडतो. दुसरी पद्धत जास्त सुधारलेली आहे. ती सगळ्यांना नीट पाळता यावी म्हणून हा खटाटोप.

सल्ला पुण्यात कंपनीत असलेल्या आतेभावाचाच घ्यावा. त्याला लॅपटॉप कंपनीनं दिलेला असतो, खिशातून रुपया गेलेला नसतो, त्यामुळे मत एकदम निःपक्षपाती. तो फोनवर एवढंच म्हणेल, "आय-सेव्हन घे, बाकी काही बघू नको." ऐका त्याचं. आय-सेव्हन, आय-फाइव्ह ही इंटेलच्या प्रोसेसर चिपांची नावं. सात हे पाचापेक्षा दोननं जास्त आहेत, यात दुमत नाही. नावाच्या शेपटीला जे अक्षर असतं ते मात्र वाचू नका. आय-सेव्हन १३५५यू मधला 'यू' म्हणजे चिप १५ वॉटच्या हिशेबानं बांधलेली, बॅटरी पुरवून पुरवून वापरणारी. तिच्यात दहा कोर, म्हणजे काम ओढणारे भाग, आहेत हे दुकानदार सांगेल. त्यातले दमदार दोनच, उरलेले आठ हलक्या कामाचे, हे तो सांगणार नाही. औताला दोन बैल आणि आठ शेळ्या. शेजारच्याच फळीवर आय-फाइव्ह १२४५०एच पडलेला असतो, ४५ वॉटचा, दमदार कोर चार. गेम तासभर चालला की कोण टिकतं ते उघड आहे. पण सोयऱ्याधायऱ्यांत 'पाच घेतला' असं कसं सांगणार?

एएमडी कंपनीच्या रायझन चिपचं तर आणखी सोपं. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांच्यात फरक दहाचा. दहासाठी कुठं घासाघीस करता? पहिल्यात झेन २ जातीचे चार कोर, दुसऱ्यात झेन ३ चे सहा, एवढंच. या नावांतला पहिला आकडा चिप कोणत्या सालच्या मालात विकायला काढली ते सांगतो आणि तिसरा आकडा आतली जात सांगतो. पोळ्याला शिंगं रंगवून झूल घातली की म्हातारा बैलही मिरवणुकीत खोंडच दिसतो. तेव्हा तिसरा आकडा बघणं म्हणजे मिरवणुकीत दात मोजत बसणं. अशुभ.

आता ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमची चित्रं रंगवणारी चिप. इथं मन मोठं ठेवा, कारण सगळ्यात जास्त फसायची सोय इथंच आहे. दुकानदार म्हणेल, "यात आठ जीबी ग्राफिक येतंय, पब्जी एकदम मक्खन पळतंय." ते आठ जीबी वेगळे नसतात, रॅममधूनच, म्हणजे लॅपटॉपच्या कामाच्या मेमरीतूनच, उसने घेतलेले असतात. स्वतंत्र कार्डाची स्वतःची मेमरी असते: एनव्हिडिया कंपनीच्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स २०५० ला ४ जीबी, ३०५० ला ४ किंवा ६, ४०५० ला ६, ४०६० ला ८. चार जीबीवर नवे मोठे गेम हाय सेटिंगला लावले की मेमरी भरते आणि चित्र अडखळत, उचकी लागल्यासारखं चालतं. सेटिंग कमी केली की उचकी थांबते, पण सेटिंग कमी करायला का सत्तर हजार घातले?

याच्या पुढची गंमत वॉटची. ४०५० हे नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत सगळ्यांना लागतं. पातळ, देखण्या लॅपटॉपमधून उष्णता बाहेर निघत नाही, म्हणून कंपनी कार्डाला कमी वॉटचं दावं लावून ठेवते. जाड्या लॅपटॉपमध्ये तेच मोकळं सुटलेलं असतं. खोक्यावर दोन्हीकडे नाव तेच. डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टम इन्फर्मेशनमध्ये गेलात, तर 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' समोर हा आकडा सरळ लिहिलेला दिसतो. दोन मिनिटांचं काम. म्हणूनच ते करायचं नाही. दुकानदाराला वाटेल तुमचा विश्वास नाही.

आणि ज्या पब्जीसाठी हा सगळा घाट, तो आपल्याकडे बीजीएमआय नावानं मोबाइलवर चालतो. म्हणजे कार्ड कुठलंही घ्या, पोरगं तो गेम हातातल्या फोनवरच खेळणार. व्हॅलोरंटसारखा हलका गेम तर रॅम नीट जोडीनं लावलेली असेल तर स्वतंत्र कार्डाशिवायही बऱ्यापैकी निभावतो. पण हे आधी कळलं तर पैसे उरतील, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं हा नवाच प्रश्न.

जोडीनं म्हणजे काय? रॅमच्या दोन पट्ट्या. सोळा जीबीची एकच पट्टी असली की मेमरीचा रस्ता अर्धाच उघडतो, आणि ज्यात स्वतंत्र कार्ड नाही त्या लॅपटॉपमध्ये गेमचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, धाडकन कमी होतात. एका बैलाच्या बैलगाडीसारखं: चालते, पण कुणी तशी गाडी विकत घेत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा, 'स्लॉट्स यूज्ड' समोर किती पैकी किती ते दिसतं. दोनपैकी एक भरलेला असेल तर पुढं वाढवता येतं. रॅम बोर्डावरच डाग देऊन चिकटवलेली असेल तर जन्मभर तेवढीच. तुम्ही अर्थातच आठ जीबीचा घ्या, "नंतर टाकू" म्हणा. विंडोज ११ आणि क्रोमच्या दहा-बारा टॅबनंच त्यातली बरीचशी भरते, वर अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा खोटा फोन, सुरू केला की पंखा रडायला लागतो. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून असे चढलेत की 'नंतर' म्हणजे कापसाला भाव येईल तेव्हा.

साठवणीबद्दल एक सूचना. ५१२ जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोजमध्ये ४७६ दिसली की दुकानात जाऊन भांडा. ३६ जीबी दुकानदारानं खाल्ले, असा ठाम आरोप करा. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. पण भांडणाशिवाय खरेदीला चव नाही. उरलेल्या जागेत जीटीए ५ टाका, शंभरेक जीबी एकट्यानं जातील.

कोर्सला काय लागतं हे बघायच्या भानगडीत पडू नका. सिलॅबसची पीडीएफ फुकट मिळते, म्हणजे तिची लायकी तेवढीच. मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन असेल तर डोळे झाकून मॅकबुक घ्या. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं, सिव्हिलवाल्यांचं रेव्हिटही तसंच, त्यामुळे चार वर्षं ड्रॉइंगचा त्रास नाही. मित्राचा लॅपटॉप मागायला जाता जाता ओळखी वाढतात. कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र सगळ्यात महागडा घ्यावा, कारण पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो सीचा तो निळा पडदा असतो, नव्वदच्या दशकातला, आणि तो आरटीएक्सवर कसा दिसतो हे एकदा बघायलाच हवं. कॉमर्सवाल्यांनी नंबर पॅड नसलेला घ्यावा. टॅलीत नोंदी करताना बोटांना व्यायाम होतो.

पडदा दुकानातल्या अंधारात बघून पसंत करा. २५० निट्स (उजेड), ४५ टक्के एनटीएससी (रंग) असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे खिडकीपाशी बसलात की स्वतःचं तोंड दिसतं आणि लाल रंग विटकरी. आरशाचा खर्च वाचला.

खरी मजा घरी आल्यावर आहे. एप्रिल-मे मध्ये परभणीत पारा बेचाळीसच्या वर जातो. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कमी करते, जळू नये म्हणून. खोलीच बेचाळीसची, तेव्हा पंख्यानं आत ओढलेली हवा आधीच तापलेली. अशा वेळी लॅपटॉप गादीवर, शक्य असल्यास वाकळेवर ठेवा. हवा आत घ्यायच्या फटी बहुतेक लॅपटॉपच्या पोटाशी असतात. वाकळ त्या छान बुजवते. काही अडाणी लोक पाटावर ठेवतात, मागची बाजू इंचभर उचलतात आणि काही अंशांचा फरक पडला की खुश होतात. तुम्ही त्यापेक्षा कूलरच्या तोंडाशी बसा. गार वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषारही येतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार सोबत येतो. बोर्डाला तेवढीच खनिजं. काळ्या मातीचा धुरळा आणि वेचणीच्या दिवसांतला कापसाचा तुसा पंख्यापुढच्या तांब्याच्या पातळ पत्र्यांवर जमून एक वर्षात नमदा तयार होतो. तो काढायला मागचं झाकण उघडून, पंख्याचं पातं बोटानं धरून, ब्रश फिरवावा लागतो. पातं न धरता ब्लोअर मारला की पंखा भलत्याच वेगानं गरगरतो आणि बेअरिंग जातं. तर ब्लोअरच मारा, आवाज जोरदार येतो.

लाइटीचं विचारता? अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा त्याच्यासाठी स्टॅबिलायझर घेणं हा शुद्ध उधळेपणा आहे. म्हणून तो आधी घ्या. लोडशेडिंगमध्ये बंद पडतो तो वायफायचा राउटर, आणि त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. म्हणून तो घेऊ नका. बॅटरीचा हिशेबही तोंडी जमण्यासारखा: ५० वॉट-तासांची बॅटरी, टायपिंगला दहा वॉट, म्हणजे पाच तास. गेमला साठ वॉट, म्हणजे पन्नास मिनिटं. शिवाय बॅटरीवर कार्डाला पुरी वीज मिळत नाही, गेम लंगडतो. तरीही नांदेडहून एसटीनं येताना गेम खेळायचा बेत ठेवा.

अ‍ॅडॉप्टरची तिसरी पिन ही निव्वळ अडचण. बऱ्याच जुन्या घरांत आणि होस्टेलांत बोर्डाला अर्थिंगच नसतं, तेव्हा वीस रुपयांचा थ्री-पिन टू-पिन कन्व्हर्टर लावून मोकळे व्हा. लॅपटॉपची बॉडी धातूची असेल तर मनगटाला मुंग्या येतील. अ‍ॅडॉप्टरच्या फिल्टरमधून निसटणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जायचा, तो पत्र्यावर येऊन बसलेला असतो. दुकानदार म्हणेल, "पीस खराब नाही, करंट तुमच्या घराचा आहे." दुर्दैवानं त्याचं बरोबर असतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेण्यापेक्षा चप्पल घालून अभ्यास करा.

बिलाकडे वळू. जीएसटी १८ टक्के. "बिल नको असेल तर चार हजार कमी," असं ऐकलं की देव पावला समजा. वॉरंटी कंपनीच्या नोंदीत पुष्कळदा माल निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते, आणि ती तुमच्या खरेदीच्या तारखेवर आणायला बिलच दाखवावं लागतं. सहा महिने गोदामात पडलेला पीस बिनबिलाचा घेतलात, तर चार हजारांत सहा महिन्यांची वॉरंटी विकलीत. सौदा वाईट नाही. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर जुळतो का बघू नका, नवरा-नवरीची पत्रिका थोडीच आहे. 'ऑनसाइट वॉरंटी' म्हटलंय ना, मग गंगाखेडच्या किंवा किनवटच्या पिनकोडवर माणूस येतो का, हे विचारून त्यांना लाजवू नका. बिनव्याजी हप्ते तर घ्याच. प्रोसेसिंग फी वेगळी, आतल्या आत धरलेल्या व्याजावरचा जीएसटी वेगळा, आणि रोखीवर मिळाली असती ती सूट गेली ती वेगळी. बाकी बिनव्याजीच.

भेट म्हणून वर्षभराचा अँटिव्हायरस मिळेल. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, पण फुकटचं सोडू नये. पहिल्याच आठवड्यात पोरगं क्रॅक केलेला गेम उतरवतं, त्यासोबतच्या सूचनांत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं, आणि ते तेवढी एकच सूचना मन लावून पाळतं.

पूजा विसरू नका. हळदीकुंकू की-बोर्डवर, अक्षता थोड्या उंचावरून. तांदळाचा दाणा स्पेस बारखाली गेला की दर शब्दाला कर्रकन आवाज येतो. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडा. बिजागरीचे स्क्रू आत प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेले असतात, आणि दीड-दोन वर्षांत त्या खुंट्या मोडून झाकण जबड्यासारखं लोंबतं. पडद्यावरचं प्लास्टिक मात्र काढायचं नाही. तिसऱ्या वर्षी विकताना सांगता येतं, "नवाच आहे, फक्त पोरानं अभ्यासाला वापरला."

विकायच्या त्या वेळी गिऱ्हाईक म्हणून कुणी चौकस पोरगं आलं आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' टाइप करून बॅटरीचा रिपोर्ट काढायला लागलं, मूळची क्षमता किती आणि आता भरते किती हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला लागलं, झाकण चारदा उघडमीट करून बिजागरी चाचपायला लागलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. असल्या माणसानं माळेगावला जावं.