तुरटीच्या पाण्यातून जर्मन निघत नाही

आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय. बादलीत तुरटीचं पाणी, ट्रॅक्टरची बॅटरी, दोन खिळे. खाली मजकूर: 'काळ्या मातीत 8 टक्के ॲल्युमिनियम आहे, घरीच काढा. कारखानेवाले उगाच वीज जाळतात. लोखंडासारखं ते कोळशावरही निघतं.' कापसाच्या भावानं वैतागलेल्या माणसाला असलं काही खरं वाटावं, यात नवल नाही.

मातीचं झटपट उरकतो. 8 टक्के हा आकडा पृथ्वीच्या कवचाचा आहे. आपल्या मातीतही ॲल्युमिनियम (म्हणजे आपलं जर्मन) भरपूर, पण सिलिकेटमध्ये, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगांत, जखडलेलं. कारखाने बॉक्साइट हे खनिज घेतात; साधारण 4 टन बॉक्साइटमधून 2 टन ॲल्युमिना (ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं संयुग) आणि त्यातून 1 टन धातू.

आता बादली. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, हे खरं. पण पाण्यात वीज सोडली की ॲल्युमिनियमच्या आधी पाण्यातला हायड्रोजन सुटतो. व्हिडिओतले बुडबुडे तेच. तो पांढरा बुळबुळीत गाळ म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, धातू नव्हे. (हायड्रोजन पेट घेतो, बघायला वाकताना बिडी तेवढी बाजूला ठेवा.)

म्हणजे पाणी नको. पण ॲल्युमिना नुसता वितळवायचा तर 2000 अंशांच्याही वर जावं लागतं. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघंही विशीतली पोरं, एकमेकांना न विचारता एकाच वाटेवर आली: क्रायोलाइट नावाचं खनिज वितळवून त्यात ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. मग साडेनऊशे अंशांच्या आसपास काम भागतं आणि धातू जड म्हणून तळाशी बसतो.

'उगाच वीज' म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. हे काम चालतं त्या एका भांड्याला दाब 4-5 व्होल्टच, तुमच्या बॅटरीहूनही कमी. प्रवाह मात्र मोठ्या कारखान्यात लाखांच्या घरात अँपिअर. किलोमागे 13 ते 15 युनिट जातात. तेवढ्यात पाच एचपीची मोटर साडेतीन-चार तास ओलीत करते! ऑक्सिजनची पकड सोडवायची हीच किंमत.

कोळशाचं अर्धं खरं आहे. लोखंडाला तो पुरतो. ॲल्युमिनियमला ऑक्सिजन फार घट्ट धरतो, नुसत्या कोळशानं सोडवायला 2000 अंशांच्या पुढे जावं लागतं आणि तिथे धातूऐवजी कार्बाइड (कार्बनशी झालेलं संयुग) होऊन बसतं. तरी कार्बन लागतोच: भांड्यातले कार्बनचे ॲनोड (वीज आत सोडणारे धन टोकाचे ठोकळे) जळत जातात, टनामागे चारशे किलोंच्या वर.

घरी ॲल्युमिनियम हवंच असेल, तर चेपलेला जर्मनचा गंज (पातेलं) आहे. भंगारातला धातू पुन्हा वितळवायला नव्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. पण त्याचा व्हिडिओ कोण पाहणार?