जिभेला दोष देण्याआधी

२०२५च्या पावसाळ्यात मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर खाण्याचा वाद होता. आधी जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एका सूचनेवरून. सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावा, एवढीच ती सूचना. बातमी पसरली ती मात्र समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी, आणि मंत्रालयाला खुलासा करावा लागला. मग ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायला सांगितली, त्यावरून रान पेटलं. पहिल्या वादात आमच्या घरचे म्हणत होते, माणसाचा जिभेवर ताबा हवा. दुसऱ्यात तेच म्हणत होते, कुणी काय खावं ही ज्याची त्याची मर्जी.

दुसरं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पालिकेने कुणाच्या ताटात डोकावू नये. पण दोन्ही वाद एकच गोष्ट गृहीत धरून चालले होते, की मोठं माणूस काय खातं ते स्वतःच्या इच्छेने ठरवतं. मी परळला वाढले आणि आता इंग्लंडमध्ये लीड्सला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. इथल्या सरकारने याच प्रश्नावर काय काय करून पाहिलं ते जवळून बघते आहे, म्हणून हे लिहिते.

एप्रिल २०२२पासून इंग्लंडमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या हॉटेलांना आणि कॅफेंना मेन्यूवर प्रत्येक पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. आपल्याकडच्या फलकांमागे हाच विचार आहे: माहिती द्या, माणूस शहाण्यासारखं निवडेल. अशा आकड्यांचा परिणाम किती होतो, याचा कॉक्रेन या संस्थेने निरनिराळे अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, तो जानेवारी २०२५मध्ये आला. निवडलेल्या कॅलरी सरासरी १.८ टक्क्यांनी घटल्या. ६०० कॅलरींच्या जेवणात ११ कॅलरी, म्हणजे जेमतेम दोन बदाम. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण यावर कुणाचा मधुमेह टळणार?

त्याआधी २०१८मध्ये केलेला उपाय वेगळा होता. साखर घातलेल्या शीतपेयांवर तेव्हा कर आला: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर असेल तर लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमच्या पुढे २४ पेन्स. घोषणा दोन वर्षं आधी झाली होती. तेवढ्या अवधीत बहुतेक कंपन्यांनी कर चुकवायला साखरच कमी केली. २०१५ ते २०२० या काळात या पेयांतलं साखरेचं सरासरी प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गिऱ्हाईक त्याच दुकानात गेलं, तीच बाटली उचलली. बाटलीतलं पेय बदललेलं होतं. कुणाला उपदेश केला नाही, कुणाच्या इच्छाशक्तीची परीक्षा घेतली नाही.

इंग्लंड काही आदर्श देश नाही. इथे कॅलरीमागे हिशेब केला तर सकस अन्न दुपटीहून महाग पडतं. गरीब वस्त्यांत तळलेल्या चिकनची दुकानं दाट आहेत आणि ताजी भाजी शोधावी लागते. रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या आमच्या परिचारिका सुपरमार्केटमधून सँडविच, वेफर्स आणि शीतपेय असा एकत्र सवलतीचा संच उचलतात. आहारशास्त्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण बारा तासांच्या पाळीनंतर, घरी जायची बस समोर दिसत असताना, हातात येतं ते हेच.

म्हणूनच मुंबईच्या माणसाला कुणी आळशी किंवा चटोर म्हटलं की मला राग येतो.

डोंबिवलीच्या माझ्या वहिनीचं उदाहरण घ्या. ती फोर्टला नोकरी करते. जाताना लेडीज डब्यात जागा मिळाली तर गवार निवडते, येताना स्टेशनबाहेर चिरलेली भाजी घेते, नाही मिळाली तर पाव. मी एकदा फोनवर कोशिंबिरीचं काहीतरी बोलले तर म्हणाली, "अगं, रात्री नऊला घरात शिरल्यावर मी काकड्या कोचवत बसू का? मग झोपू कधी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली सरासरी रोज २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. घरात ताजी पोळी-भाजी हवी हा आग्रह सगळ्यांचा असतो, त्यासाठी लागणारा वेळ मात्र एकीच्याच दिवसातून कापला जातो. मुंबईतल्या आहाराची चर्चा इथून सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि घराघरातल्या पुरुषांनी ती आधी ऐकावी.

आमच्या गिरणगावाने हे फार पूर्वी पाहिलं आहे. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत राहायचे आणि जेवायचे खाणावळीत. खाणावळ चालवायच्या बायका. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे हजारो कामगारांच्या पोटात भाकरी-आमटी जात होती, कारण ती रांधणारी व्यवस्था जवळच होती आणि महिन्याच्या उधारीवर चालत होती. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर आला. पण १९८२चा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगारांचं काम थांबलं, गिरण्यांबरोबर खाणावळींचं गिऱ्हाईकही आटलं आणि वड्याच्या गाड्या वाढत गेल्या. वडापाव विकणारा बेकार झालेला कामगार, खाणाराही खिसा रिकामा असलेला. त्या काळात परळ-लालबागच्या माणसाची जीभ बदलली नव्हती, पगार बंद झाला होता.

वडापावशी माझं वैर नाही, सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी खाते. आवडीचं खाणं आणि दुसरं काही परवडत नाही म्हणून रोज खाणं, यांत फरक आहे. चव, सवय, लहानपणचे संस्कार यांचा खाण्यावर परिणाम होतोच. पण चवीपलीकडेही काही असतं. अमेरिकेत २०१९मध्ये केव्हिन हॉल या संशोधकाने वीस माणसांना एका जागी ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे समोर ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन्ही जेवणं त्यांना सारखीच आवडली होती. माणसं तीच, ताबाही तोच.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर आले. गोड शीतपेयं ४० टक्क्यांवर राहिली, तयार पोळी आणि खाकऱ्यावरचा कर पूर्ण गेला. दोन्ही निर्णय मला पटतात. पण त्याच दिवशी पाकीटबंद शेव-भुजिया, बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम हे सगळं ५ टक्क्यांवर आलं. जुलैत तेल-साखरेचे फलक आणि सप्टेंबरमध्ये त्याच तेल-साखरेला स्वस्ताई. भुकेल्या माणसाचं लक्ष भिंतीवरच्या फलकाकडे जात नाही, ते पाकिटावरच्या किमतीकडे जातं.

महाराष्ट्राने चांगल्या स्वस्त जेवणाचा प्रयोग दोनदा केला आहे. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे अनुदान बंद झालं आणि मोक्याच्या जागांवरच्या कित्येक केंद्रांत वडे-चायनीज शिजू लागलं. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून वरचे चाळीस सरकार देणार होतं. मग केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या येत राहिल्या. दोन्ही वेळा लोकांनी जेवण नाकारलं नव्हतं, रांगा लागत होत्या. पैसे वेळेवर पोचले नाहीत.

मला हवं ते फार मोठं नाही. ठाणे, डोंबिवली, विरार, पनवेल अशा स्टेशनांच्या तोंडाशी पोळी-भाजी केंद्रांना कमी भाड्याने हक्काची जागा द्या, ती चालवणाऱ्या बचत गटांची बिलं महिन्याच्या महिन्याला चुकवा. सरकारी कॅन्टीनच्या कंत्राटात ठेकेदाराला भाजी, डाळ आणि फळ तळलेल्या पदार्थापेक्षा स्वस्त विकायला भाग पाडा. पाकीटबंद फरसाणावर मीठ-तेलाच्या प्रमाणात चढता कर लावा आणि कंपन्यांना दोन वर्षं आधी सांगा. पुढच्या महापालिका निवडणुकीत मतं मागायला जो येईल, त्याला मांसविक्रीच्या तारखांबरोबर हेही विचारा, की संध्याकाळी साडेसातला आमच्या स्टेशनाबाहेर चाळीस रुपयांत गरम पोळी-भाजी कुठे मिळते.