नाटक, फेसटाइम आणि बोंडअळी: वडशाच्या भाऊंना उत्तर

भाऊ, रामराम.

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि रागाची होती, म्हणून दोन ओळींत निपटवत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲपल कंपनीने आपल्या जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ चाहत्यांच्या चॅनेलवरून काढायला लावले, आणि हे बरोबर झालं नाही असं मी लिहिलं होतं. त्यावर भाऊंचे तीन सवाल. माल कंपनीचा, तिनं तो उतरवायला लावला, यात तुमचं काय गेलं? उद्या आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाचा आख्खा प्रयोग कोणी मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकला, तर त्यालाही तुम्ही जतन म्हणणार का? आणि तिसरा, सगळ्यात झोंबणारा: "इथं कापसाले भाव नाही अन् तुमाले अमेरिकेतल्या जुन्या फिल्लमची पडली."

कायद्याचं आधी उरकतो, त्यात आपला वाद नाहीच. व्हिडिओवर हक्क कंपनीचा. तिनं नोटीस दिली की यूट्यूब तो काढतं, आणि 90 दिवसांत अशा तीन नोटिसा आल्या की चॅनेलच जाऊ शकतं. ऑगस्ट 2022 मध्ये असंच झालं. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीच्या ॲपलच्या डेव्हलपर परिषदांचे (प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या मेळाव्यांचे) शेकडो व्हिडिओ एका हौशी माणसानं जमवून ठेवले होते, ते चॅनेल बंद पडलं. त्याला उलट उत्तर द्यायचा मार्ग होता, पण तो मार्ग कोर्टात जातो आणि समोर वकिलांची फौज असते. एकटा माणूस तिथं जात नाही. आपल्याकडचा 1957 चा कायदा लावला तरी आख्खा व्हिडिओ जसाच्या तसा चढवणाऱ्याला फारसा आडोसा मिळणार नाही. टीका किंवा समीक्षेसाठी तुकडा दाखवणं वेगळं. हे सगळं मान्य. पण हक्क असणं आणि तो तिथंच बजावणं शहाणपणाचं असणं, या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. तुम्ही त्या एकच धरल्या.

आता तुमच्या नाटकाकडे येतो, कारण तुमचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो वजनदार आहे.

दिवाळी झाली की वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात, गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. पुढचे काही महिने जे मिळेल त्यावर नट, वादक, पडदेवाला, मंडपवाला अशी सगळ्यांची वर्षभराची बेगमी. अशा चालू हंगामातला प्रयोग कोणी टिपून यूट्यूबवर टाकला, तर पुढच्या गावचं तिकीट बुडतं. तिथं मी तुमच्या बाजूनं उभा राहीन, नोटीस कशी धाडायची तेही सांगेन. माझ्या दुकानात बसूनच धाडू.

पण ॲपलच्या त्या कार्यक्रमाचं तिकीट कुठं होतं? नवा फोन दाखवायचा दिवस म्हणजे कंपनीनं स्वतः पत्रकार बोलावून, जगानं पाहावं म्हणून मांडलेला देखावा. तो पाहून कोणी फोन घ्यायचा थांबला असं होत नाही, झालं तर उलटंच होतं. डेव्हलपर परिषदेला प्रवेशशुल्क होतं, तेही चांगलं दणदणीत, हे मला ठाऊक आहे. पण वीस वर्षांपूर्वीच्या मॅकवर प्रोग्राम कसा लिहावा हे व्याख्यान आज कंपनी कोणाला विकणार आहे? विकत तर नव्हतीच, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही त्या वर्षांचे व्हिडिओ नव्हते. ज्याचं दुकानच मांडलेलं नाही, त्याचं गिऱ्हाईक कोणी पळवलं असं कसं म्हणायचं? चॅनेलवाला जाहिरातीतून चार पैसे कमावत असेल, असंही तुम्ही लिहिलंत. असेल तर ते पैसे कंपनीकडे वळवायची सोय यूट्यूबवर आहे. त्यासाठी व्हिडिओ पाडायची गरज नव्हती.

उलट मीच तुम्हाला विचारतो. तुमच्या कंपनीनं पंचवीस वर्षांपूर्वी केलेलं, आज ज्याची संहिताही पेटीत उरलेली नाही असं नाटक आरमोरीच्या एखाद्या प्रेक्षकाच्या घरी कॅसेटवर सापडलं, तर त्याला नोटीस धाडाल की घरी जाऊन चहा प्याल?

कंपनी स्वतः जपत असेलच की, असाही एक सूर तुमच्या लिहिण्यात आहे. काही प्रमाणात खरं आहे. 1997 साली ॲपलनं आपला जुना ऐतिहासिक साठा स्टॅनफर्ड विद्यापीठाला देऊन टाकला, त्यात कागदपत्रांसोबत टेपही होत्या. संशोधकांसाठी चांगलंच झालं. पण पहिल्या मॅकिंटॉश संगणकाची गोष्ट पाहा. 24 जानेवारी 1984 रोजी क्युपर्टिनोत तो पिशवीतून बाहेर काढला गेला, संगणकाच्या इतिहासात ज्याचे दाखले देतात तो हाच क्षण. त्या सभेचं सलग चित्रण लोकांना नीट पाहायला मिळालं ते 2005 मध्ये, आणि तेही कंपनीत काम केलेल्या एका माणसानं जपून ठेवलेल्या बेटामॅक्स टेपवरून. त्याच महिन्यात 30 तारखेला बॉस्टनच्या संगणकप्रेमी मंडळापुढे तोच कार्यक्रम पुन्हा झाला होता. त्याचं चित्रण उजेडात यायला 2014 उजाडलं. दोन्ही वेळा माल निघाला तो कंपनीच्या नव्हे, कोणा माणसाच्या कपाटातून. म्हणून "मालक जपेल" या भरवशावर मी झोपत नाही.

आणि मुदतीचा हिशेब करा. आपल्या कायद्यानं चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं. म्हणजे 2002 साली बाहेर आलेला व्हिडिओ भारतात 2063 मध्ये सर्वांचा होणार. अमेरिकेत कंपनीच्या कामाला 95 वर्षं. चुंबकीय टेप काही दशकांत खराब होते, हार्डडिस्क त्याहून लवकर जाते (माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी मेलेली डिस्क घेऊन, लग्नाचे फोटो काढून द्या म्हणत येतो). मुदत संपेल तेव्हा द्यायला काही उरलेलं असेल का? आपल्याकडे हे होऊन गेलं आहे. 1931 चा 'आलम आरा', पहिला भारतीय बोलपट. त्यावरच्या हक्काची मुदत केव्हाच सरली, आता तो तुमचाही आहे आणि माझाही, फक्त एकही प्रत कुठं उरली नाही. फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' आहे, पण तुकड्यांत. 1964 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायरांनी रिळं गोळा करायला घेतली म्हणून तेवढं तरी हाती लागलं. तोवर कित्येक रिळांतली चांदी काढून घेतली गेली होती.

आता तिसरा सवाल. यावरच जास्त लिहायचं आहे.

ॲपलचे जुने कार्यक्रम मी हौस म्हणून पाहत नाही, म्हणजे थोडी हौस आहेच. पण त्या मंचावर काय होतं? विकणारा माणूस हजारो लोकांसमोर शब्द देतो. 7 जून 2010 ला आयफोन 4 दाखवताना ॲपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्सनं फेसटाइम, म्हणजे ॲपलची व्हिडिओ कॉलची सोय, दाखवलं आणि सांगितलं की उद्यापासूनच आम्ही मानक ठरवणाऱ्या संस्थांकडे जातो आहोत, फेसटाइम हे सर्वांसाठी खुलं मानक करणार आहोत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनाही ते वापरता येईल. टाळ्या पडल्या. ते खुलं मानक आजतागायत झालेलं नाही. अँड्रॉइडवाल्यांना फेसटाइमच्या कॉलमध्ये शिरायची वाट 2021 मध्ये मिळाली, तीही कोणी लिंक पाठवली तर आणि ब्राउझरमधून. पुण्यात नोकरी लागलेला पोरगा जुना आयफोन घेऊन गावी येतो आणि मला विचारतो, आईच्या फोनवर फेसटाइम का लागत नाही? व्हॉट्सॲप आहे, भागतं, तो भाग सोडा. पण हे लागणार होतं, तसं जाहीर बोललं गेलं होतं, हे त्याला मी कशावरून दाखवू?

एअरपॉवर नावाची चार्जिंगची चटई 12 सप्टेंबर 2017 ला दाखवली, पुढच्या वर्षी येईल म्हणाले, आणि 29 मार्च 2019 ला रद्द केली. जुने कार्यक्रम दिसेनासे झाले की असे शब्द दिसेनासे होतात. बातम्यांत छापलेलं आहेच, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण छापील वाक्याला "असं नव्हतं म्हणायचं" हे उत्तर सहज देता येतं. माणूस स्वतःच्या तोंडानं, हातवारे करत बोलताना दिसतो तेव्हा ते जड जातं.

आणि भाऊ, हे आपल्या वावरातलंच आहे. बीटी कपाशीला (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बियाण्याला) 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बियाणं 2006 मध्ये आलं. त्या वर्षांत आमच्या भागात मेळाव्यांचा सुकाळ होता. गाडीवर भोंगा, कृषी केंद्रासमोर मंडप, रात्री शाळेच्या पटांगणात पडदा बांधून फिल्म. एका कंपनीचा माणूस माइकवरून सांगून गेला की बोंडअळीचं नाव विसरा, फवारणीचा पंप माळ्यावर टाका. कास्तकारांनी ऐकलं, पाकिटं घेतली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. नुकसानभरपाईसाठी 'नमुना जी'चे अर्ज भरायला लोक माझ्याच दुकानात रांगेनं बसले होते. तेव्हा जो तो म्हणत होता की त्यांनी तर सांगितलं होतं. कुठं सांगितलं होतं? पाकिटावर तसं काही छापलेलं नव्हतं. पडद्यावरची फिल्म कंपनीसोबत गेली. माइकवरचं बोलणं वाऱ्यावर गेलं.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला महत्त्वाची वाटते. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचं पाकीट यायचं. ते बांधाच्या कडेनं लावायचं असतं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. बहुतेकांनी ते फेकून दिलं. फरदडही, म्हणजे वेचणी झाल्यावर तसंच उभं ठेवलेलं पीक, उन्हाळ्यापर्यंत ठेवली. त्या मेळाव्यात हे छोटं पाकीट लावा म्हणून सांगितलं होतं का? म्हातारे म्हणतात नाही, कृषी केंद्रवाला म्हणतो हो, स्पष्ट सांगितलं होतं. रेकॉर्डिंग असतं तर कदाचित कंपनीच सुटली असती आणि आम्ही अडकलो असतो. चालेल. निदान भांडण काय झालं यावर तरी झालं नसतं.

म्हणून मी त्या चाहत्याच्या बाजूनं लिहिलं. त्याला ॲपलचं प्रेम आहे, मला त्याच्या प्रेमाशी देणंघेणं नाही. विकणाऱ्याचा शब्द विकणाऱ्याच्याच कपाटात कुलूपबंद असू नये, एवढंच मला हवं आहे. कंपनीला आपल्या नावाखाली दुसऱ्याचं चॅनेल चाललेलं आवडत नसेल तर तिनं ते व्हिडिओ स्वतः चढवावेत, चांगल्या दर्जाचे. चाहता आपलं दुकान आनंदानं गुंडाळेल. ते करायचं नसेल तर ज्यानं ठेवले त्याला ठेवू द्यावेत. स्वतः ठेवायचं नाही आणि दुसऱ्यालाही ठेवू द्यायचं नाही, याला कायद्यात जागा असेल, माझ्याकडे नाही.

कापसाच्या भावावर मी लिहीत नाही हा आरोप मात्र चुकीचा आहे. मागच्या हंगामात सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीवर लिहिलं होतं, त्यावर तुमचीच प्रतिक्रिया आहे. जाऊन पाहा.

आणि एक काम. 2002 ते 2010 च्या काळात आपल्याकडे झालेल्या बियाणे मेळाव्यांची कॅसेट, सीडी, लग्नाच्या शूटिंगवाल्यानं सहज टिपलेला तुकडा, असं कोणाकडे पडून असेल तर दुकानात आणा. व्हीएचएस चालवायचं यंत्र माझ्याकडे अजून चालू आहे, मिनी डीव्हीचंही जमेल. प्रत करून मूळ तुमचं तुम्हाला परत, पैसे घेणार नाही. विचारल्याशिवाय कुठं चढवणारही नाही. आणि भाऊ, तुमच्याकडे जुन्या प्रयोगांच्या कॅसेटा असतील तर त्याही घेऊन या, फक्त बुरशी लागली असेल तर आधी चालवून पाहू नका, तशाच आणा.