रिकामी सुई शेजारीच पडली होती हो!

नाडी घालायला. लेंग्यात नाडी घालायला माझ्या चालू विणकामातली सुई काढली. कालपासून हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणतेय आणि दर वेळी डोकं नव्याने तापतंय.

आंगणेवाडीच्या जत्रेला पाहुणे आलेत. आमच्या ह्यांचे मावसभाऊ आणि जाऊबाई, डोंबिवलीचे, दर वर्षी येतात, येऊदेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. धामापूरच्या तलावाकाठी घर असलं की पाहुणे येणारच, त्यात भराडीदेवीची जत्रा म्हणजे तारीख पंचांगात नाही, देवीने कौल दिला की ठरणार, आणि ती ठरली रे ठरली की आधी गाडीची तिकिटं निघतात आणि मग आम्हाला फोन येतो. ते पण चालतं. घावणे घाला, वडे तळा, काळ्या वाटाण्याचं सांबारं करा, सगळं चालतं. सुई काढलेली चालत नाही.

झालं असं की पडवीतल्या झोपाळ्यावर शाल विणत बसले होते. आमसुली रंगाची बारीक मेरिनो, पिसांची नक्षी. ज्या बायका विणतात त्यांना सांगायला नको, 18 टाक्यांचा एक घास, म्हणजे नक्षीचा एक पूर्ण तुकडा, असे 14, आणि कडेला तीन-तीन जास्तीचे, एकूण 258 टाके. आत कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. ओळ अर्धी टाकून मी कधी उठत नाही, घराला आग लागली तरी ओळ पुरी करून मगच पाणी आणीन, तर ओळ पुरी केली, सगळे टाके एका सुईवर, टोकाला रबर लावला, दुसरी सुई रिकामी, ती शेजारी ठेवली. गॅस बंद केला, भात उतरवला, कढीला फोडणी दिली, बाहेर आले. एवढाच वेळ.

बाहेर भावोजी उभे, एका हातात लेंगा, दुसऱ्या हातात माझी नऊ नंबरची सुई, तिच्या टोपीमागे नाडी बांधलेली आणि सुई नेफ्यातून अर्ध्या वाटेवर. चेहऱ्यावर असं समाधान की जणू कोकण रेल्वेचा बोगदा ह्यांनीच खणला.

आणि शाल? शालीची घडी घातली होती. चौकोनी, नीट, इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखी. घडीवर माझा रबर ठेवला होता, हरवू नये म्हणून!! म्हणजे बघा हं, टाके निसटू नयेत म्हणून जो रबर लावतात तो आधी काढला, मग 258 टाक्यांतून सुई ओढली, मग घडी घातली, मग रबर सांभाळून वर ठेवला. घाईत झालं म्हणायची सोय नाही, माणसाने सगळं विचार करून केलंय.

आणि रिकामी सुई तिथेच पडली होती. तिथेच!! त्याच झोपाळ्यावर, त्याच गादीवर, वीतभर अंतरावर, तीच लांबी, तोच नंबर, तीच टोपी, एक टाका नाही तिच्यावर. मी विचारलं, भावोजी, ही का नाही घेतली? तर म्हणतात, "ती जरा वाकडी वाटली." वाकडी! आता खरंच एक वाकडी आहे, पण ती ही नाही, जी नेफ्याच्या शिवणीत अडकवून जोर लावला ना, ती.

सेफ्टी पिन खिडकीतल्या डब्यात असते. दर वर्षी तिथेच असते. गेल्या वर्षी भावोजींनीच त्यातली काढून ओटीच्या पिशवीला लावली होती.

मी काही बोलले नाही. तोंडातून शब्दच फुटला नाही. तर जाऊबाई मागून, "अगं त्यात काय, परत घाल की सुई, तेवढीच भोकं आहेत." भोकं. नक्षीतल्या जाळीला भोकं. ज्यांनी तलम नक्षी विणलीय त्यांना कळेल, साध्या सुलट-उलट स्वेटरचे टाके सुटले तर निदान रांगेत उभे राहतात, वाट बघतात, पण ह्या नक्षीत जिथे धागा नुसता सुईवरून घेतलेला असतो तो टाका सुई निघाली की विरघळतो, होता की नव्हता कळत नाही, आणि जिथे दोनाचा एक केलाय तिथे एक घसरला की खालचे दोघं सुटे. आणि वर घडी घातलेली. घडी घालताना ताण पडतोच. मी उचलली तेव्हा मधल्या तीन पिसांमधून सुटलेल्या टाक्यांच्या शिड्या खाली पळत होत्या, डोळ्यांदेखत.

"आणि तुझा तर टाइमपासच आहे ना," जाऊबाई म्हणाल्या.

टाइमपास!! हा शब्द ज्याने विणकामाला पहिल्यांदा लावला त्याला मला एकदा भेटायचंय. जाऊबाई ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात ते काम आणि मी 258 टाके मोजते तो टाइमपास. आमचे हे पडवीत बसून तासभर तलावातल्या पाणकावळ्याकडे बघतात तेव्हा कोणी विचारत नाही काय करताय, पण माझ्या हातात सुया दिसल्या की प्रत्येक जण फाटकातून आत येतो, बसतो, चहा मागतो आणि वर, "तुका काय कामधंदो नाय?" काम करतेय ना बाबा, दिसत नाही का, मोजतेय, बोलू नको, चुकतं. तरी बोलतातच. आणि नेमके आकडेच बोलतात. मी मनात बहात्तर, त्र्याहत्तर करत असते आणि समोरचा सांगतो, "गॅस एकोणतिसाक नंबर लावलो हा." संपलं. परत एकपासून.

आणि आता विषय निघालाच आहे तर सगळंच काढते. "हंय खंय गो थंडी पडता? लोकर कित्याक?" हे वर्षातून शंभरदा ऐकते. अरे जानेवारीत पहाटे तलावावर धुकं उतरतं, समोरचं भगवतीचं देऊळ दिसत नाही, आंब्याला मोहोर काय उन्हाळ्याने येतो का, त्याला थंडीच लागते ना? आणि लोकर नको म्हणणाऱ्यांचे आजे भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन लावणीला जायचे, ती काय पॉलिस्टरची होती? लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही, हे आजाला ठाऊक होतं, नातवाला विंडचीटर लागतो. आणि हेच नातू कोकणकन्येच्या एसी डब्यात कुडकुडले की फोन करतात, वहिनी एखादी शाल आहे का जुनी.

जुनी. नेहमी जुनीच मागतात, आणि फुकट. नाहीतर मग, "लोकरीचे पैसे देते ना मी!" हे बोलताना चेहरा असा की माझ्यावर उपकार. बाई, लोकरीचे पैसे तू दुकानदाराला देतेस, माझे कुठे आहेत त्यात? आणि वर, "रस्त्यावर तीनशेला मिळतो गं तयार." घे ना मग रस्त्यावरून! कोणी अडवलंय? आणि ते "क्रोशा का गं?" विचारणारे. दोन लांब सुया दिसतायत, हूक कुठेही नाही, तरी क्रोशा का. मी आता हो म्हणते. हो, क्रोशा. भरतकाम म्हटलं तरी हो म्हणेन.

पावसाळ्याचं तर नावच नको. जून ते सप्टेंबर ह्या घरात कुठलीही गोष्ट वाळत नाही, पापड नाही, टॉवेल नाही, माणूस नाही. धुतलेला स्वेटर पसरून वाळवायचा असतो, टांगला की लोंबतो, मग पसरायचा कुठे, तर जेवायच्या टेबलावर, मग जेवायचं कुठे, खाली. चार दिवसांनी वास घेऊन बघायचा, ओल्या बोकडासारखा येतो, मग परत धुवा. उरलेल्या लोकरीला कसर. ट्रंकेत डांबरगोळ्या टाका, वेखंड टाका, ती कसर दिवाळीला मस्त गुटगुटीत होऊन बाहेर पडते आणि खाते काय, तर महागाची मेरिनोच. ॲक्रिलिकला तोंड लावत नाही. माळ्यावर हिरवी ॲक्रिलिक आहे, फणसाच्या काट्यांसारखी बोचणारी, कोणीतरी प्रेमाने दिलेली, तिला ना कसर लागत ना बुरशी. अमर आहे ती.

हे आमचं असं, आणि तिकडे तलावावरचे वेगळेच. 1530 साली नागेश देसायांनी बांध घातला, पाचशे वर्षं होत आली, पाणी अजून टिकून आहे, 2020 ला जागतिक सिंचन वारशात नाव लागलं, आम्हाला अभिमान वगैरे सगळं आहे, पण त्यासाठी बघायला येणाऱ्याने स्पीकर घेऊनच यायला पाहिजे असं त्या वारशात कुठे लिहिलंय? बाटली पाण्यात, वेफर्सची पिशवी माझ्या जास्वंदीत, आणि मी खळ्यात विणत बसले की माझाच व्हिडिओ काढतात. "हाऊ ऑथेंटिक." एकीने तर सुया हातात घेऊन पोज दिली, लोकरीसकट, उलट्या धरून.

धामापूरच्या देवीची गोष्ट ऐकलीय ना? पूर्वी म्हणे परडीत फुलं घालून पाण्यात सोडली की लग्नाला लागतील तेवढे दागिने वर यायचे, लग्न झालं की परत करायचे. एकाने केले नाहीत. झालं, देवीने देणं बंद केलं, कायमचं. लहानपणी मला वाटायचं केवढी ही रागीट. आता वाटतं देवीने फारच सोसलं. माझ्याकडून दोन क्रोशाच्या सुया, एक इंचटेप आणि दहा नंबरची जोडी गेलीय, नावं घेत नाही, ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहितीय.

आणि आता तुम्ही विचाराल, ही शाल एवढी कोणासाठी. हां. तर. शाल नणंदेसाठी. नणंद असते मस्कतला. मस्कतला, जिथे उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही. काल रात्री शिड्या पकडत बसले असताना हे शांतपणे म्हणाले, "ती ही घालणार कधी?" आणि खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसीत, म्हटलं. मॉलमध्ये, म्हटलं. मग आठवलं की मागच्या खेपेला तिला मोजे दिले होते. लोकरीचे. मस्कतला. ती पण बिचारी काय बोलणार, घेते आणि फोटो पाठवते, फोटोत मोजे असतात, पाय नसतात. ट्रंकेतल्या सगळ्या वस्तू काढल्या तर तलावाच्या बांधाला मफलर होईल आणि ह्या सगळ्या जिल्ह्यात थंडीचे दिवस मोजायला दोन्ही हात लागत नाहीत. तरी मी लुधियानाहून पार्सल मागवते आणि पार्सल आलं की ह्यांच्या आधी फाटकावर पोचते, नाहीतर विचारतात, अजून?

असो. माझं वेड माझ्यापाशी, सुई काढायचा परवाना त्याने मिळत नाही.

रात्री सगळे जत्रेला गेले, मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. सासूबाईपण राहिल्या. त्यांनी काही न बोलता बॅटरी धरली, कारण बरोबर त्याच वेळी लाइट गेली होती, जाणारच होती. मी बारीक सुईने एकेक टाका उचलत होते. कडेचे मिळाले, पहिली पाच पिसं मिळाली, मध्ये आल्यावर कळेना, ही जाळी की हा सुटलेला टाका, सगळं आमसुली, सगळं सारखंच. सोळा ओळी खाली मी सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून ठेवला होता म्हणून, नाहीतर पार मुळापर्यंत गेलं असतं. शेवटी तिथपर्यंत उसवलं. सोळा गुणिले 258, म्हणजे 4128 टाके, हिशोब मी नाही केला, सासूबाईंनी तोंडी केला आणि म्हणाल्या, "तेका सांग, नाडी घातलंस तशे आता टाके पण घाल." सासूबाईंना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिठी मारणार होते, पण मांडीवर दोऱ्यावर लटकलेले 258 टाके होते.

सकाळी भावोजी चहा पिताना म्हणतात, "जमलं ना? म्हटलं होतं ना, होईल." लेंगा मस्त बसलाय. नाडी एकदम घट्ट.

आणि हे लिहितेय तोवर जाऊबाई आतून सांगतायत की भावोजींना तो रंग फार आवडला, लोकर उरली तर त्यांना एक मफलर होईल का, डोंबिवलीला सकाळच्या लोकलला वारा लागतो, घाई नाही, पण परवा निघायच्या आत झाला तर बरं. हो म्हटलंय मी. हसून म्हटलंय. आमसुली उरणार नाही, असं सांगितलं, पण माळ्यावर एक हिरवी आहे, खूप उबदार आहे, थेट मानेला लागली तरी काही होत नाही.